दहावा गडी

“हा कुणाचा हो? हा तर अगदी कोराच दिसतोय,” विमलाबाई म्हणाल्या आणि तो गंजीफ्रॉक त्यांनी दोन्ही खांद्यांना धरून खिडकीच्या उजेडात उचलला.

जानेवारीतला रविवार होता. नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत ऊन अजून भिंतीवरच होतं, जमिनीवर उतरलं नव्हतं. मंडळाची पत्र्याची ट्रंक उघडून विमलाबाई सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. तीन आठवड्यांनी डोंबिवलीला कबड्डीचे सामने होते आणि दरवर्षी सामन्यांआधी गड्यांचे कपडे नीट करून देणं हे त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं काम होतं. त्यांचे यजमान खांबेटे मास्तर, मंडळाचे कबड्डीचे शिक्षक, खुर्चीवर बसून प्रवेशाचा कागद भरत होते. सात ओळी खेळणाऱ्यांच्या, खाली तीन राखीव गड्यांच्या. दहावी ओळ त्यांनी नुकतीच भरली होती. शाई ओली होती.

“दहाव्याचा,” मास्तर वर न बघता म्हणाले.

“इश्श! दहाव्याचा काय म्हणता सकाळी सकाळी? काहीतरीच अभद्र. नाव नाही का त्याला?”

मास्तरांनी वर पाहिलं. बाकीचे नऊ गंजीफ्रॉक विमलाबाईंच्या मांडीवर आणि आजूबाजूला पडले होते. एकाचा खांदा उसवलेला, एकाचा गळा ओढून ओढून पोटापर्यंत आलेला, सगळ्यांच्या पाठी मातीने अशा रापलेल्या की पाच वर्षांच्या धुण्यांनीसुद्धा तो रंग हटला नव्हता. निळा रंग त्यांच्यात नुसता आठवणीपुरता उरला होता. आणि त्यांच्यामध्ये हा एक, गर्द निळा, घडीच्या रेघा कागदासारख्या धारदार, पाठीवरचा दहाचा लाल आकडा विमलाबाईंनी शिवला त्या दिवशी होता तसाच. त्याला घामाचा वास नव्हता. डांबराच्या गोळ्यांचा होता. एवढी साधी गोष्ट. पण मास्तरांनी टाक खाली ठेवला. नाव होतं. काळुराम. काळुराम धाकू भोईर, मुक्काम कोलशेत. ते ओठांपर्यंत आलं आणि मास्तरांच्या लक्षात आलं की ते तोंडाला अनोळखी वाटतंय. चार वर्षं तो माणूस रोज मैदानावर यायचा, आणि आपण त्याला हाक कशी मारायचो? ‘अरे’. ‘तू रे’. ‘तो दहावा कुठाय, त्याला फक्की मारायला सांगा.’

“ठेवून द्या तो,” ते म्हणाले. “तो शिवायचा नाही.”

“शिवायला काय झालंय त्याला!” विमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला.

मास्तरांनी कागद पुढे ओढला. दहाव्या ओळीवर नाव होतं पंढरी म्हात्रे, कोपर. डोंबिवलीअलीकडच्या त्या गावातून पंढरी दोन वर्षं येत होता. वय बावीस, रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला, पाठीला रुंद, बोलायला कमी. चांगला गडी होता. किती चांगला, हे मात्र मास्तरांना माहीत नव्हतं, कारण सामन्यात त्याला त्यांनी कधी उतरवलाच नव्हता. उतरवायचा विचारही नव्हता. मग नाव कशासाठी लिहिलं? उत्तर इतकं तयार होतं की ते त्यांनी स्वतःला द्यायच्या आधीच ऐकू आलं. कल्याणचा महिपत त्याच्या मागावर होता म्हणून.

एक्कावन्न सालीही महिपतच होता. कल्याणच्या संघाचा तो सर्वेसर्वा. सायकलवरून गावोगाव हिंडायचा आणि गडी हेरायचा. भात कापून झाल्यावर गावांतून सामने रंगत, तिथे बांधावर उभा राहायचा, विडी ओढत. कोलशेतला एक पोरगा आहे, महिपत येत्या रविवारी त्याच्या बापाला भेटणार आहे, असं मास्तरांच्या कानावर आलं आणि शुक्रवारीच शाळा सुटल्यावर त्यांनी सायकल काढली. माजिवड्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढे नुसते खड्डे आणि धूळ. खाडीचा खारट वास आधी आला, मग मिठाच्या पांढऱ्या राशी दिसल्या. कापलेल्या शेतात पोरं खेळत होती. एकोणीस वर्षांचा काळुराम त्याच वेळी चढाईला निघाला होता. मास्तरांना आजही ती चढाई जशीच्या तशी दिसत होती. इतर गडी दम घेऊन जाताना छाती काढून, ओरडत जातात. हा वाकून गेला, जमिनीच्या इतक्या जवळ की वाटावं, काही पडलेलं शोधतोय. त्याचा आवाज एका सुरात, बारीक, मधमाशीसारखा. तो कुठे संपेल ते कळतच नव्हतं. समोरच्या दोघांना तो कधी शिवला ते त्यांनाही उमगलं नाही. मास्तरांच्या अंगावर काटा आला होता. हे खोटं नव्हतं. बारा वर्षं खेळ शिकवण्यात घालवलेल्या माणसाला असं काही क्वचित दिसतं, आणि दिसलं की छातीत दुखल्यासारखं होतं.

पण त्याच क्षणी, काटा अंगावर असतानाच, मन हिशेबाने चाललं होतं, तेही त्यांना आठवत होतं. मंडळाचे सात गडी ठरलेले होते. चढाईला मधु टिपणीस होता, नौपाड्यातलाच, देखणा, लोकांचा लाडका. चिटणीस तर आधीच म्हणाले होते, “आपल्या आळीतली मुलं असताना कोलशेतचा गडी कशाला, मास्तर?” आणि मास्तरांनी उत्तर दिलं होतं, “राखीव म्हणून घेऊ. आपल्याकडे असण्यापेक्षा त्यांच्याकडे नसणं महत्त्वाचं.” सगळे हसले होते. मास्तरांनाही ते वाक्य आवडलं होतं. पुढे कित्येकदा त्यांनी ते म्हणून दाखवलं. काळुरामच्या बापाला, धाकूला मात्र त्यांनी दुसरं वाक्य सांगितलं. मिठागराच्या बांधावर उभं राहून, त्याचा मिठाने फाटलेला हात हातात घेऊन ते म्हणाले होते, “माझ्या पोटच्या मुलासारखा सांभाळीन.” धाकूने मान डोलवली होती. “शबुद दिला मास्तर. आथा त्यो तुमचा.” रविवारी महिपत आला आणि रिकाम्या हाताने परत गेला. कोलशेतचा संघ त्या वर्षी सहा गड्यांवर आला आणि पुढल्या वर्षी मोडला. तेही कुणीतरी मास्तरांना सांगितलं होतं. त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं होतं.

चार वर्षं. सहा मैल येणं, सहा मैल जाणं. काळुराम सगळ्यांच्या आधी येई, मैदान झाडी, फक्कीच्या रेघा ओढी. सरावात मास्तर त्याला समोरच्या बाजूला उभा करीत, मधुला धरायला कुणीतरी लागे म्हणून. सामन्याच्या दिवशी तो दहाचा गंजीफ्रॉक घडी न मोडता शेजारी ठेवून बाकावर बसे. त्याच्या मांड्या सारख्या हलत असत. मधु चढाईला निघाला की याचे ओठ हलायला लागत. दम हा इथे बसल्या जागी धरायचा आणि मधु परतला की सोडायचा. हे मास्तरांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि नजर काढून घेतली होती.

आणि मग चोपन्न सालचा कल्याणचा अंतिम सामना. ती दुपार मास्तरांना नको होती, पण आज ती सरळ आत आली आणि समोर बसली. शेवटची पाच मिनिटं, दोन गुणांनी मागे, आणि मधु पडला. घोटा डोळ्यांदेखत सुजला. मैदानाभोवती माणसं दाटली होती. बाकावरून काळुराम उठला. त्याने सदरा काढला. तो नुसता म्हणाला, “मास्तर.” आणि मास्तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, “बस.” मधुच्या घोट्याला फडकं घट्ट बांधून त्यांनी त्यालाच पुन्हा आत पाठवला. मधु लंगडत गेला, उजवीकडून घुसला, तिघांना बाद केलं, चौथ्याने कंबर धरली तरी त्याला ओढत नेऊन हात रेषेपार टाकला. नौपाडा जिंकला. मास्तरांच्या गळ्यात हार पडले. मधुचा घोटा मात्र पुन्हा नीट जुळला नाही. आता तो कचेरीत कारकून आहे, पावसाळी हवेत पाय ओढतो आणि मास्तर दिसले की हसून नमस्कार करतो. त्याच्या मनात काही नाही. हेच मास्तरांना सोसत नसे.

का म्हणालो ‘बस’? लोकांना सांगायला कारण होतं: मधु सरावलेला, काळुराम सामन्याला नवखा. पण नवखा कुणी ठेवला त्याला? खरं कारण दोन वर्षं मास्तरांच्या आत कुठेतरी बसून होतं आणि आता त्या कोऱ्या निळ्या कपड्याने ते उठवून उभं केलं होतं. काळुराम उतरला असता आणि जिंकून आला असता, तर लोक विचारणार होते, मास्तर, हा गडी चार वर्षं कुठे होता? तो हरण्याची भीती नव्हती. तो जिंकेल अशी भीती होती. त्या दिवाळीपर्यंत तो येत राहिला, रेघा ओढत राहिला आणि मग आला नाही. मास्तरांनी चौकशी केली नाही. दहाव्या ओळीवर पंढरी आला.

“मी जरा कोलशेतला जाऊन येतो,” मास्तर म्हणाले आणि उठले.

“आत्ता? कागद पुरा नाही का करायचा?”

“त्याच कामाला चाललोय.” हे अर्धं खरं होतं. मधुचा पाय गेल्यापासून मंडळाकडे चढाईचा गडी नव्हता. माफी मागायला जातोय की गडी आणायला, हे सायकलवर टांग टाकतानाही त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. दोन्ही इतकं एकमेकांत मिसळलं होतं की एकाची त्यांना लाज वाटली की दुसरं पुढे येऊन उभं राही.

धाकूचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात सुकट वाळत घातली होती आणि काळुरामची आई, आवडाबाई, ती राखत बसली होती. मास्तरांनी नाव सांगताच तिने हातातली काठी टाकली.

“मास्तर? आमचं मास्तर? या, बसा. घोंगरी टाकतंय, बसा. कालू आगरान जेलाय बापासंगती, येलच आथा.” ती आत गेली, पाणी घेऊन आली आणि समोर उकिडवी बसली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मास्तरांना मान खाली घालावीशी वाटली. “लय दिसांनी आलाव. कालू जेला नाय परत, म्हनून राग धरलाव का? घरान बायको आली, पोरगी झाली. मी बोलतंय त्याला, आरं, मास्तरांनी तुला येवरा मोटा केला, भेटून तं ये.”

“मोठा?” मास्तर म्हणाले.

“मंग! सगल्या कोलशेतला ठावं हाय. कल्यानला पाय मोरला व्हता, तरी फरका बांधून जेला ना माझा पोऱ्या! तिगांना मारलं, चवथ्यानं कंबर धरली तरी रेसंवर हात टाकला! मी त्याचं पाय बगलं त्या सांजेला. बोललं, कंचा पाय मोरला? तं बोलतो, आये, बरा झाला. लय सोसतो तो, सांगत नाय.” तिने पदराने डोळे टिपले. “खरं ना मास्तर?”

उन्हात सुकटीवर माश्या घोंघावत होत्या. मास्तरांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग समजलं, आणि समजताना कानशिलं गरम झाली. चार वर्षं रोज संध्याकाळी सहा मैल चालत येऊन या पोराने आईला खेळ सांगितला होता. दुसऱ्याचा. मधुची एकेक चढाई, मधुचे गुण, मधुचा घोटासुद्धा. येताना मास्तर मनाशी जे घोळवत आले होते, मी तुमच्या मुलावर अन्याय केला, मी त्याला कधी खेळवलंच नाही, ते सगळं आता तोंडातच ठेवावं लागणार होतं. ते बोलून मोकळं व्हायचं तर या बाईच्या हातातला मुलगा काढून घ्यावा लागला असता.

“खरं,” ते म्हणाले.

“तुमी सांगा ना. त्यो नीट सांगत नाय. चार शब्दान उरकतो.”

आणि मास्तरांनी सांगितलं. आधी अडखळत, जमिनीकडे बघत. दोन गुण मागे होतो, पाच मिनिटं उरली होती. “काळुराम पडला,” असं म्हणताना जीभ जड झाली. पण पुढे गेल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. ते मधुची चढाई सांगत होते, आणि दिसत होता तो वाकून जाणारा, जमिनीवर काही शोधल्यासारखा जाणारा काळुराम. त्याचा तो बारीक, न तुटणारा सूर ऐकू येत होता. मास्तरांचा आवाज चढला, हात हलू लागले. ज्याला त्यांनी एकदाही आत सोडलं नाही त्याला ते त्या अंगणात, एका म्हातारीपुढे, एकटेच खेळवत होते. आवडाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. सांगून झालं तेव्हा मास्तरांना कळलं की कुणीतरी कुडाशी उभं आहे. गुडघ्यांपर्यंत राखाडी चिखल, खांद्यावर पंचा. काळुराम जाड झाला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“आये, च्या ठेव,” तो म्हणाला. “चला मास्तर, आगर दाखवतो.”

मिठागराच्या बांधावरून दोघे पुढेमागे चालत गेले. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, त्यात ऊन चरचरत होतं.

“आईला असं का सांगितलंस?” मास्तरांनी विचारलं.

“पयलं खरंच सांगत व्हतो. आज नाय उतरवलं, आज नाय उतरवलं. ती जेवायची नाय. बोलायची, तुझंच काय तरी चुकत असल. मंग एक दिस बोललो, आज उतरवलं. हासली. मंग रोजच सांगाला लागलो.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भरती-ओहोटीबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. “तुमी मगाशी बोललाव, मी उजवीकरनं जेलो. मधु उजवीकरनं जेला. मी जेलो नसतो. डावीकरचा गडी दमला व्हता, त्याचा पाय जमिनीला घासत व्हता. बसून बसून समदं दिसतं, मास्तर.”

मास्तर थांबले. “काळुराम, मी तुला खेळवायला नेलंच नव्हतं. कल्याणकरांना मिळू नयेस म्हणून नेलं.”

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या वर्सापासून. महिपतनं गाठून सांगलं. बोलला, तुला मास्तरनं कोंडून ठेवलाय, माझ्याकरं ये.”

“मग गेला का नाहीस?”

काळुराम खाली वाकला, बांधाची एक ढासळलेली कड त्याने हाताने थापून बसवली. “बापानं शबुद दिलेला. आनि तुमी कवा बोललाव नाय ना. तुमी येक डाव बोलला असताव, कालू, हितं तुझं काम नाय, जा, तं त्याच पावली जेलो असतो. तुमी बोलायचाव, बस. मी बसायचो. मला वाटायचं, बस बोलतान म्हंजे कवा तरी ऊठ बोलतील.”

मास्तरांच्या खिशात तो प्रवेशाचा कागद होता. आता तो काढू नये, एवढी अक्कल त्यांना होती, आणि तरीही ते म्हणाले, कारण म्हणाल्यावाचून राहवलं नाही, “यंदा ये. पहिल्या सातांत घालतो. पहिली चढाई तुझी.”

काळुराम हसला. पहिल्यांदाच हसला, आणि ते हसू पाहून मास्तरांना तो एकोणिसाचा आठवला. “आनि आयेला काय सांगू? चार वर्सं खेललो, कल्यान जिकलं, आथा पयल्यांदा खेलाला जातो? नाय मास्तर. तिच्या लेखी माजा खेल खेलून झालाय. र्‍हाऊं दे तसाच.” मग म्हणाला, “सांगलंव मातर झ्याक. मलाच खरं वाटलं.”

चहा पिऊन मास्तर निघाले. आवडाबाईने काळुरामच्या मुलीला त्यांच्या पाया पडायला लावलं. सायकलवरून येताना वारा समोरून होता आणि पायडल मारणं जड जात होतं. माफी मागून झाली होती, ती मिळालीही असावी; पण काही हलकं झालं नव्हतं. उलट आता त्यांच्यापाशी जपायला एक खोटं होतं, आणि ते जन्मभर जपावं लागणार होतं. माजिवड्यापाशी ते उतरून चालू लागले. ‘तुमी येक डाव बोलला असताव.’ एवढंच वाक्य उरलं होतं, टाचेत काच राहावी तसं. तो पुढे काय झाला असता, कल्याणने त्याला कुठे नेला असता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. एक शब्द. तो बोलायला काहीच लागत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी ते कोपरला गेले. पंढरी घराच्या ओट्यावर दाढी करत होता. मास्तरांना बघून तो गडबडीने उठला, अर्ध्या गालाला साबण तसाच. त्याची बहीण गोदा हिने आतून पाट आणून टाकला. मास्तर बसले नाहीत. वाटभर जुळवलेली वाक्यं त्यांनी सोडून दिली.

“पंढरी, मी तुला यंदा खेळवणार नाही. गेल्या वर्षीही नव्हतो खेळवणार. माझे सात ठरलेले असतात, आणि ते मी बदलत नाही. तू चांगला गडी आहेस, माझ्याकडे फुकट चाललायस. कल्याणकर विचारतात ना तुला?”

वस्तऱ्याच्या पात्यावरून साबणाचा गोळा खाली पडला.

“जा त्यांच्याकडे. महिपतला मी चिठ्ठी देतो.”

“आता सांगता?” पंढरी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण गोदा दारात येऊन उभी राहिली. “दोन वर्षं मी रजा टाकून टाकून आलेलो. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. हिच्या लग्नाच्या बोलणीला नव्हतो, तुमचा सामना होता म्हणून. नुसता बाकावर बसायला? तेव्हा माहीत होतं तुम्हाला?”

“माहीत होतं.”

“मग काय म्हणून ठेवलंत?”

मास्तरांनी सांगितलं. जसं होतं तसं, एकही शब्द न गाळता. ते हसून म्हणायचं वाक्यसुद्धा. पंढरीच्या कपाळावरची शीर फुगली. वाटलं, तो आता अंगावर येईल, आणि आला तर हात आडवा करायचा नाही असं मास्तरांनी ठरवलं. पण तो नुसता आरशाकडे वळला. “चिठ्ठी नको तुमची,” तो म्हणाला. “मी माझा जाईन.” मास्तर पायऱ्या उतरले. मागे गोदा काहीतरी पुटपुटली. ते ऐकू आलं नाही, पण चांगलं नसावं. कुणी आभार मानावेत असं काही त्यांनी केलं नव्हतं. दोन वर्षं उशिरा केलेली गोष्ट होती ती. पण चार वर्षं उशिरा नव्हती.

चिटणिसांना कागदावर नऊच नावं दिसली तेव्हा ते तापले. भर सभेत म्हणाले, मास्तरांचं वय झालं, हातचा गडी शत्रूला देतात. मास्तरांनी ऐकून घेतलं. राखीव दोघांना, गणू आणि विश्रामला, त्यांनी उरलेल्या दोन आठवड्यांत सातांच्या बरोबरीने खेळवलं, आणि आधीच सांगून टाकलं, पहिल्या सामन्यात गणू अर्धा वेळ, दुसऱ्यात विश्राम. पोरांना आधी ते खरं वाटलं नाही.

डोंबिवलीला उपान्त्य सामना कल्याणशी आला. तो सामना नौपाड्याने सहा गुणांनी घालवला. पुढे चिटणिसांनी त्या सहा गुणांची पै न् पै मास्तरांकडून वसूल केली आणि पावसाळ्याआधी मंडळाने नवा शिक्षक नेमला, ती गोष्ट वेगळी. पण सामना अजून हातातून जायचा होता, दुपारचं ऊन मैदानावर तिरकं पडलं होतं आणि मध्यंतरानंतरच्या पहिल्याच चढाईला कल्याणकडून पंढरी निघाला. त्याने रेषेपाशी वाकून माती उचलली, तळव्यांना चोळली. मास्तर चार हातांवर उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहणार नव्हताच. त्याने दम घेतला, आणि मास्तरांनी त्याचा सामन्यातला आवाज पहिल्यांदा ऐकला. जाड, छातीच्या तळातून येणारा, आणि आत कुठेतरी रागाने दाटलेला. दोन पावलांत तो मधोमध गेला, उजवीकडे हुलकावणी दिली आणि डावीकडे विश्रामच्या दंडाला शिवून मागे फिरला.

“अहो, हा पंढरी ना? कोपरचा?” चिटणीस मास्तरांच्या कानाशी ओरडले. “हा आपला होता!”

“होता,” मास्तर म्हणाले. “खेळत नव्हता.”

नौपाड्याच्या गड्यांनी साखळी आवळत आणली. पंढरी आता चौघांच्या मध्ये होता, रेषा तीन हात लांब, आणि दम चालू होता, घुमत होता, कुठेही फाटत नव्हता. मास्तरांची छाती भरून आली. आपलीच चार पोरं आहेत ही, आपण घडवलेली. आणि यातल्या कुणाचा हात त्याला लागू नये असं त्यांना त्या श्वासापुरतं मनापासून वाटलं. मग त्यांनी मैदानाच्या कडेला पाऊल रोवलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, “पाय! पाय धरा त्याचा!”